साक्षीदार कुंडी

संस्थेत ताईला सगळे ‘स्वेटर’ म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. मशीनची खोली बारा महिने थंड ठेवावी लागते आणि तिचा दिवस तिथेच जातो. बाहेर डांबर वितळत असलं तरी तिच्या अंगात तो राखाडी स्वेटर असतो. जेवायला बाहेर येते तेव्हाही काढत नाही.

“उकडत नाही का?” मी एकदा विचारलं.

“काढला की घालायचं विसरते. मग आत जाऊन शिंकते. माझी एक शिंक म्हणजे आठवड्याचं काम पाण्यात.”

मी तिथे भाषेच्या कामावर लागले होते. शास्त्रज्ञ जे लिहितात ते फुलं पिकवणाऱ्यांना कळेल अशा शब्दांत मांडायचं, एवढंच काम. पहिल्याच दिवशी हातात दिलेल्या कागदातलं एकही वाक्य मला कळलं नाही. कोणाला विचारावं म्हणून मी व्हरांड्यात दारं बघत फिरत होते. एक दार उघडलं, थंड हवा बाहेर आली आणि मागोमाग ताई.

“काय गं, हरवलीस?”

“हो. वाक्यात.”

ती खळखळून हसली. साहित्यात पदवी घेतली आहे म्हटल्यावर आणखी हसली. त्या दिवसापासून मी तिच्यासाठी ‘कादंबरी’ झाले.

ती माझ्या आईपेक्षा दोनचार वर्षांनीच लहान असेल. पण आईशी जे बोलता येत नाही ते मी तिच्याशी बोलते. आमचा डबा एकत्र असतो. तिला माझी भाजी आवडत नाही आणि ती तसं सांगते.

तिचं काम तिने मला माझ्या भाषेत समजावलं. “समज, एकाच पुस्तकाच्या हजारो प्रती कोणीतरी फाडून टाकल्या आहेत. बारीक बारीक चिटोऱ्या. एकेका चिटोरीवर अर्धं वाक्य. आता दोन चिटोऱ्यांची टोकं जुळतात का बघायचं, मग तिसरी, मग चौथी. असं करत सगळं पुस्तक परत उभं करायचं.”

“आणि पुस्तक कसलं?”

“रोगाचं. कंदफुलांना विषाणू लागतो ना, त्याचं. मोठं नसतं. दहा हजारांच्या आसपास अक्षरं. तीही चारच, तीच ती फिरून फिरून. तुझ्यासारखीला एक दिवसात कंटाळा येईल.”

आजारी पान कुटायचं, त्यातून विषाणूचा मजकूर वेगळा काढायचा, मशीनमध्ये घालायचा, आणि मशीन ज्या चिटोऱ्या वाचून देईल त्या संगणकावर जुळवायच्या. ह्याला सिक्वेन्सिंग म्हणतात. दर वेळी आजारी पानाबरोबर एका धडधाकट रोपाचं पानही त्याच वाटेने जातं. तेच हात, तीच भांडी, तेच मशीन. धडधाकट पानात विषाणू सापडता कामा नये. सापडला, तर कुठेतरी सरमिसळ झाली, आणि मग आजारी पानाच्या निकालावरही कोणी विश्वास ठेवत नाही. कागदावर त्या धडधाकट रोपाला ‘कंट्रोल’ म्हणतात, ताई ‘साक्षीदार’ म्हणते. साक्षीदारांच्या पाच-सहा कुंड्या ती स्वतः सांभाळते. एरवी त्या मागच्या जाळीघरात असतात. तेव्हा जाळीघराचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून तिने त्या व्हरांड्यातल्या खिडकीत आणून ठेवल्या होत्या. तिथे ऊन चांगलं येतं, म्हणाली.

ती कंदांच्याच घरातली. वडील लिलीचे कंद लावायचे. लहानपणी ती आणि तिचा भाऊ पोत्यावर बसून कंदांची माती झाडत असत. पुढे वडिलांनी वाटणी केली. “दादाला शेड, मला शाळा,” असं ती सांगते. भांडण झालं नाही. पण दादा अजून संधी मिळाली की टोमणा मारतो. ती सणकून उत्तर देते. दर रविवारी ती त्याच्याकडे जाते आणि दर रविवारी भांडून येते, आनंदात.

दादाने एक लिली तयार केली आहे. पांढरी, आणि घशात हिरवट. एका कंदापासून सुरुवात केली. लिलीच्या कंदाला लसणीसारख्या पाकळ्या असतात. एकेक सोडवून लावायची, तिला इवलासा कंद धरतो, तो मोठा व्हायला वर्षं जातात, मग त्याच्या पाकळ्या. असं करत करत त्याने शेडभर कंद केले. जवळजवळ सगळा जन्म त्यात गेला. ही लिली दुसऱ्या कोणाकडे नाही.

त्याच लिलीच्या पानांवर फिकट रेघा आल्या.

दादा पानं घेऊन स्वतः संस्थेत आला. झटपट चाचणी केली. तिच्यात नुसती पट्टी बुडवायची असते. दोन रेघा उमटल्या, म्हणजे रोग आहे. पण त्या पट्टीला दोन विषाणूंमधला फरक कळत नाही. दोघे चुलत भाऊ म्हणायला हरकत नाही. एक नेहमीचा. तो असला तर आजारी झाडं उपटून टाकायची, बाकीची लावायची. दुसऱ्यावर बंदी आहे. तो एका शेडमध्ये सापडला तर शेडमधला प्रत्येक कंद जाळावा लागतो, धडधाकट दिसणारासुद्धा.

दोघांतला कोणता, ते फक्त सगळं पुस्तक वाचूनच सांगता येतं. आणि पुस्तक वाचणारी एकटी ताई.

ती लगेच सरांकडे गेली. सर म्हणजे आमचे प्रमुख. “ही माझ्या सख्ख्या भावाची पानं आहेत,” तिने सांगितलं.

“माहीत आहे. पण मशीन चालवणारं दुसरं कोण आहे इथे? मी?” सर म्हणाले. “तुम्ही वाचा. सही मी करतो.”

मशीनची रसायनं यायला महिना लागला. मग दादाने दुसऱ्यांदा ताजी पानं आणून दिली आणि सिक्वेन्सिंग सुरू झालं. तोवर कृषी खात्याचं पत्र आलं होतं. मावा उडायचे दिवस जवळ आले होते. मावा म्हणजे तो बारीक किडा, एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसतो आणि रोग नेतो. खातं थांबायला तयार नव्हतं. शुक्रवारपर्यंत स्पष्ट रिपोर्ट आला नाही तर खबरदारी म्हणून कंद जाळणार.

मंगळवारी सकाळी मी ताईजवळ बसले होते. तिने मला आपला जुना कोट दिला होता. पडद्यावर चिटोऱ्या जुळत होत्या.

“हा बघ,” ती एकदम म्हणाली. “नेहमीचाच आहे! नेहमीचाच! शेपटीकडचा मजकूर बघ, बंदीवाल्याचा असा नसतोच.” तिने माझा दंड इतका दाबला की दुखला.

मग तिने साक्षीदाराचं पान उघडलं. तिथे काहीच नसायला हवं होतं.

तिथे सगळं पुस्तक होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तेच.

तिने ते वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवून बघितलं. खोलीत पंख्यांचा आवाज होता. मग ती हळू म्हणाली, “साक्षीदार फितूर.”

“म्हणजे?”

“म्हणजे दोन नळ्यांत सरमिसळ झाली. किंवा मी अदलाबदल केली. आता दादाच्या नळीत नेमकं काय होतं ते देवालाच माहीत.”

“तू अदलाबदल केलीस?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? मी नाही म्हटल्याने होतं का?”

तो पडदा तोवर कोणी पाहिला नव्हता. म्हणजे मी पाहिला होता, पण मी कोण? साक्षीदाराचा रन, म्हणजे मशीनचा फेरा, पुन्हा करून, हा बाजूला ठेवून, शुक्रवारी गुपचूप रिपोर्ट देता आला असता. हे मला नंतर कळलं. तिला तेव्हाच कळत होतं. तिने फोन उचलला आणि सरांना खाली बोलावलं.

सर आले, पाहिलं, चष्मा काढला, पुसला. “लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना? निकाल भावाच्या बाजूचा, कंट्रोल बिघडलेला, आणि काम बहिणीचं.”

“ठाऊक आहे. म्हणून तर आधी तुम्हाला सांगितलं.”

“कारण सापडलं तर इथे पुन्हा रन करू. नाही सापडलं तर आपला निकाल कोणी घेणार नाही. बाहेर मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावं लागेल. तिकडे महिना जाईल.”

“आणि शुक्रवार?”

सर चष्मा चढवून वर निघून गेले.

ताईने तो सगळा दिवस कारण शोधण्यात घालवला. नळ्या तपासल्या, द्रावणं तपासली, नुसतं पाणी घालून बघितलं. पाणी स्वच्छ निघालं. सगळंच स्वच्छ निघालं. ते जास्त वाईट होतं. काही घाण सापडली असती तर बरं, असं ती म्हणाली. संध्याकाळी व्हरांड्यात उभं राहून तिने दादाला फोन केला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

बुधवारी दादा आला. उंच, रापलेला, खिशात मळका रुमाल. त्या सकाळी तो शेडमध्ये आजारी झाडं उपटत होता. तसाच आला होता. ताई त्याला व्हरांड्यात सामोरी गेली. तो तिला आत जाऊ देईना, आणि स्वतः बसायलाही तयार नव्हता.

“तू सांगितलंस? स्वतःहून?”

“हो.”

“अगं, चोर पण आपण होऊन पोलिसात जात नाही! आणि तू चोरी न करता गेलीस!”

“हळू बोल, दादा.”

“का? कोण झोपलंय इथे? आतलं ते मशीनचं डबडं झोपलंय? त्या डबड्याची बहीण आहेस की माझी?”

“तुझीच आहे, म्हणून तर—”

“निकाल बरोबर आला होता की नाही?”

“आला होता, पण धरता येत नाही.”

“बरोबर आहे पण धरता येत नाही! काय शिकवतात गं तुम्हाला?” तो माझ्याकडे वळला. “तुम्हाला कळतं का ही काय बोलते ते?”

“थोडं थोडं,” मी म्हटलं.

“मला तेवढंही नाही. मला एवढंच कळतं की शुक्रवारी माणसं येणार, माझे कंद खड्ड्यात घालणार, आणि वर रॉकेल. तुझी वहिनी दोन दिवस जेवली नाही. तिला काय सांगू? तुझ्या नणंदेला कारण सापडलं नाही म्हणून?”

“मला सापडलं असतं तर मी सांगितलं नसतं का? मला झोप लागते असं वाटतं का तुला?”

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. कदाचित डोळे भरले होते, आम्हाला दिसू नये म्हणून असेल. समोर साक्षीदारांच्या कुंड्या होत्या. आणि त्याचा हात पुढे गेला.

मला ते अजून दिसतं. डाव्या हाताने त्याने एक पिवळं पडलेलं पान धरलं. उजव्या हाताने खिशातली सुरी काढली, अंगठ्याने उघडली, देठापाशी एक तिरपा काप दिला. पान खाली टाकलं नाही. शर्टाच्या खिशात ठेवलं. सुरी मिटून परत खिशात. ह्या सगळ्यात तो एकदाही खाली बघत नव्हता. बाहेर बघत होता.

ताईचा आवाज बदलला. “दादा. हे काय केलंस?”

“काय केलं?”

“आत्ता. हाताने.”

त्याने हाताकडे पाहिलं. “पिवळं पान काढलं. इतकी माणसं पगार घेतात इथे, एकाला दिसलं नाही?”

“मागे पहिल्यांदा आला होतास, तेव्हाही काढलं होतंस?”

“काढलं असेल. मला काय आठवतंय? हात आहे तो, विचारून करतो का?”

“ह्याच सुरीने?”

“नाही, दाढीच्या ब्लेडने! काय चाललंय तुझं?”

“आणि सुरी त्याच्या आधी कुठे होती?”

तो बोलायला गेला आणि थांबला. खिशावर हात ठेवला. “शेडमध्ये,” तो म्हणाला. “तुमच्यासाठीच पानं कापत होतो.”

 मला समजायला एक क्षण लागला. पिवळं पान जमिनीवर पडलं तर रोग पसरतो, म्हणून त्याने ते खिशात ठेवलं. लहानपणी वडिलांनी लावलेली सवय. सुरीच्या पात्यावरूनही रोग जातो, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

ताई कुंड्यांपाशी ओणवी झाली. ती स्वतः कात्रीने कापते, सरळ आडवं. एकेक देठ तिने बघितला. तिसऱ्या कुंडीत एक जुना काप होता, सुकून तपकिरी झालेला. तिरपा. तिने हात लावला नाही. मागे सरकली आणि मला म्हणाली, “कादंबरी, धाव. सरांना आण. धाव म्हणते ना!”

सरांनी कात्री स्वतः धरली. ताईने हात मागे बांधले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने एकाही कुंडीला स्पर्श करायचा नाही, असं तिनेच सांगितलं. सरांनी प्रत्येक कुंडीतलं एक पान घेतलं, दर वेळी कात्री धुतली, पान पिशवीत कुटलं, पट्टी बुडवली. दादा पहिल्यांदाच खाली बसला, थेट जमिनीवर. आम्ही सगळे त्या पट्ट्यांकडे बघत होतो.

पहिली, एक रेघ. दुसरी, एक. तिसरीवर आधी एक उमटली. मग तिच्या खाली, अगदी सावकाश, दुसरी.

बाकी सगळ्यांवर एकच.

सिक्वेन्सिंगसाठी ताईने पान घेतलं होतं ते तिसऱ्याच कुंडीतलं. चिठ्ठी तिने लावलेली होती, सरांनी मोठ्याने वाचली.

“म्हणजे नळ्यांत काही झालंच नाही,” सर म्हणाले. “साक्षीदारालाच रोग झाला होता. खराखुरा. तो फितूर नव्हता हो. त्याला मारहाण झाली होती.”

ताई हसली. हसता हसता भिंतीवरून घसरत खाली आली आणि दादाच्या शेजारी बसली.

“माझ्यामुळे?” दादा म्हणाला.

“तुझ्यामुळे. आणि माझ्यामुळे. कुंड्या इथे येण्याजाण्याच्या वाटेवर कोणी ठेवल्या? मीच ना?” ती म्हणाली. “आणि ऊठ, आजचीही कुंडी गेली. आता कशाला हात लावू नकोस, बाबा. हात खिशात घाल. दोन्ही.”

त्याने खरंच घातले.

सर फोनवर खात्याशी फार वेळ बोलले. दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा घामाघूम होते. सोमवारपर्यंत मुदत मिळाली होती. दादाने शेड जाळीने पूर्ण बंद करायची, ह्या अटीवर. दादा तिथल्या तिथे निघाला. ताईला काही न बोलता गेला, पण फाटकापाशी वळून बघितलं.

पुन्हा रन झाला. धडधाकट निघालेल्या कुंडीतली पानं घेऊन. ह्या खेपेला सर शेजारी स्टुलावर बसून प्रत्येक नळी बघत होते. त्यांच्याकडे स्वेटर नव्हता. त्यांचे दात वाजत होते. ताई म्हणाली, “सर, बाहेर जाऊन या थोडं.” सर म्हणाले, “गप बसा आणि काम करा.”  वाट बघण्याबद्दल मी खूप वाचलं होतं. त्यात दात वाजण्याचा उल्लेख कुठे आठवत नाही.

सोमवारी सकाळी चिटोऱ्या जुळल्या. दादाच्या पानातलं पुस्तक पूर्ण झालं. नेहमीचा विषाणू. पहिल्यांदा वाचला होता तोच, अक्षरन्‌अक्षर.

मग साक्षीदार. ताईने बटण दाबलं आणि डोळे मिटले. “कादंबरी, तू बघ.”

“काही नाही,” मी म्हटलं.

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे रिकामं आहे. कोरं.”

तिने डोळे उघडले. कोऱ्या पडद्याकडे बघून इतकं आनंदी झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. सरांनी पाहिलं, परत पाहिलं, आणि तिथेच उभ्या उभ्या सही केली. मग ते बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

दादाने फोन उचलला नाही. ताईने वहिनीला लावला आणि आवाज मोठा ठेवला.

“वहिनी, लावा.”

“काय लावू?”

“कंद लावा. आजारी झाडं उपटून टाका, बाकीचे लावा. नेहमीचाच आहे. जाळायचं नाही काही.”

पलीकडे चपलांचा आवाज. वहिनी धावत होती, फोन हातात तसाच. लांबून तिची हाक, मग दादाचा आवाज, “खरं बोलते का विचार!”

“अहो, खरं नाही तर काय खोटं बोलेल?”

“सही झाली का विचार!”

“झाली!” ताई ओरडली. “सरांची! शिक्कासुद्धा!”

फोन हातातून हातात गेला. दादाचा श्वास ऐकू येत होता. आता तो काहीतरी मोठं बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, “जेवलीस का?”

“नाही.”

“मग ये.”

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. ताईने रजा टाकली होती. गेल्या कित्येक वर्षांत तिने घेतलेली पहिली, असं सर म्हणाले. शेडच्या बाहेर आजारी झाडांचा ढीग होता. लहान नव्हता. ताई त्याच्याकडे बघत क्षणभर थांबली. मग जाळीचं दार उचलून आत गेलो.

आत वहिनी ओठांवर बोट ठेवून उभी होती. कंदांचे क्रेट भिंतीपाशी छातीइतके रचलेले होते, आणि त्यांना टेकून दादा बसल्या बसल्या झोपला होता. तोंड उघडं, एक हात क्रेटच्या कडेवर.

“खात्याचं पत्र आल्यापासून पाठ टेकली नव्हती,” वहिनी कुजबुजली. “पहाटे म्हणाले, जरा बसतो. तेव्हापासून असेच.”

“उठवू का?” ताईने विचारलं.

“नको गं. पलीकडून घ्या.”

वाफे तयार होते. आम्ही तिघींनी पलीकडच्या बाजूने एकेक क्रेट उतरवायला सुरुवात केली, पाय न वाजवता. ताईने एक कंद उचलला, माती झाडली, टोक वर करून वाफ्यात ठेवला आणि हाताने माती लोटली. वहिनीने पुढचा ठेवला. मी एक उलटा ठेवला. ताईने न बोलता सरळ केला.

दादा झोपेत काहीतरी पुटपुटला. आम्ही थांबलो. मग तो घोरायला लागला, आणि आम्ही पुढचा क्रेट उतरवला.